नमुना रानातून प्रयोगशाळेपर्यंत : जैव पदार्थ सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि लगतच्या दोडामार्ग परिसरात बागायतदारांचा बराचसा दिवस रानाच्या कडेला जातो. याच दिवसांत, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते मे या काळात, एखादे वेळी बागेत मेलेले माकड आढळते. अशा माकडाला कोणी काठीने बाजूला सारतो, कोणी पायाला दोरी बांधून ओढून नेतो, तर कोणी श्रद्धेपोटी हातांनी उचलून, हार घालून पुरतो. २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात काजूच्या बागांत काम करणाऱ्या माणसांना माकडतापाची लागण झाल्याचे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातही या रोगाचे रुग्ण आढळले. तेव्हापासून मेलेल्या माकडास हात लावू नये व त्याची खबर तत्काळ द्यावी, हे गावोगाव सांगण्यात येत आहे.

खबर दिल्यानंतर पुढे काय होते, याची माहिती मात्र गावात फारशी कोणास नसते. पशुवैद्यकीय अधिकारी जागेवर येऊन माकडाच्या शरीरातून ऊतींचे नमुने घेतात. परिसरात पांढरे फडके जमिनीवरून ओढून गोचीड गोळा केले जातात. गावात कोणास ताप असल्यास आरोग्य कर्मचारी त्याचे रक्त काढतात. हे सर्व शीतपेटीत ठेवले जाते, वाहनचालक ती पेटी नेतो, प्रयोगशाळेच्या खिडकीवर कोणी तरी ती उतरवून घेतो व नोंद करतो. तंत्रज्ञ नळी उघडतो, संशोधक तपासणी करतो आणि सायंकाळी परिचर उरलेला कचरा उचलतो. एकाच नमुन्याला अशा रीतीने निदान आठ-दहा जणांचे हात लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे हात आहेत. रोगजंतू असलेले रक्त, ऊती, संवर्धने, गोचीड इत्यादी जैव पदार्थ हाताळणाऱ्यास कोणते शिक्षण मिळावयास हवे आणि ते कसे द्यावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

शोधकांनाच लागण

माकडतापाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९५७ च्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर अरण्याच्या परिसरात, माकडे मोठ्या संख्येने मरत असल्याचे आणि गावकऱ्यांना तीव्र ताप येत असल्याचे वृत्त पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रास मिळाले. हे केंद्र भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली संयुक्तपणे स्थापन केले होते. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. माकडे व माणसे एकाच वेळी आजारी पडत असल्याने हा पीतज्वर तर नसेल, अशी प्रारंभी धास्ती वाटली, कारण पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता. शोधाअंती हा एक नवाच विषाणू निघाला. रशियातील गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते होते, आणि तोही गोचिडांमार्फतच पसरत होता. अकस्मात चढणारा ताप, डोके व स्नायू यांची असह्य दुखणी आणि काही रुग्णांत रक्तस्राव ही त्याची लक्षणे होत. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात.

पुढील वर्षांत ज्यांनी हा विषाणू प्रयोगशाळेत वाढविला आणि त्याचे गुणधर्म तपासले, त्यांच्यापैकी कित्येकांना प्रयोगशाळेतच त्याची लागण झाली. ते ना रानात गेले होते, ना त्यांना गोचीड चावला होता. ही मंडळी अडाणी नव्हती. आपण काय हाताळीत आहोत याची त्यांच्याइतकी जाण त्या काळी देशात दुसऱ्या कोणास नव्हती. मग चुकले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ एका रोगापुरते नाही. रॉबर्ट पाइक या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने जगभरच्या प्रयोगशाळांतील लागणीच्या नोंदी अनेक वर्षे गोळा केल्या. १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात त्याने ३,९२१ प्रकरणे मांडली. त्यांपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रकरणांत सुई टोचणे, काच फुटणे, द्रव सांडणे असा एखादा ज्ञात अपघात आढळला. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांना आपणास लागण केव्हा व कशी झाली, हे सांगता आले नाही. जो अपघात डोळ्यांना दिसत नाही, तोच येथे मुख्य अपघात आहे.

दिसत नाही ते

हा अदृश्य अपघात म्हणजे हवेत उडणारे सूक्ष्म तुषार. परीक्षानळीचे बूच झटक्याने काढले, पिपेटमधील शेवटचा थेंब फुंकून टाकला, ओल्या संवर्धनाने भरलेली तारेची कडी एकदम ज्योतीत धरली, बाटलीच्या रबरी बुचातून सिरिंजची सुई ओढून काढली, ऊतीचा तुकडा खलात घोटला, की प्रत्येक वेळी असे तुषार उडतात. मोठे थेंब टेबलावर पडतात. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र वाळून हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत पोहोचतात. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटली तर काही क्षणांत असे असंख्य कण निर्माण होतात. म्हणूनच फिरताना आवाज बदलला तर यंत्र बंद करावे आणि झाकण किमान अर्धा तास उघडू नये, असा नियम आहे. काय झाले ते पाहण्याच्या उत्सुकतेने झाकण उचलणारा उमेदवार प्रत्येक वर्गात एक तरी असतोच.

एके काळी तोंडाने पिपेट ओढणे ही सर्व महाविद्यालयांत शिकविली जाणारी रीत होती. आज कोणीही तिचे समर्थन करणार नाही. तरीही रबरी फुगा हरवला किंवा मोटरचलित पिपेट बिघडले की ‘एवढ्यापुरते’ म्हणून ती परत येते. शिक्षकांनी येथे कोणतीही सवलत देऊ नये. साखरेच्या पाण्याचा प्रयोग असला तरीही देऊ नये. कारण तोंडाला लागलेली सवय द्रव कोणता आहे हे विचारीत नाही.

रोगजंतूंचे त्यांच्या धोक्यानुसार चार गट पाडले जातात, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. दह्यातील जंतूंसारखे निरुपद्रवी जंतू पहिल्या गटात मोडतात; विषमज्वर, ब प्रकारची कावीळ यांचे दुसऱ्यात; क्षय व ब्रुसेला यांचे तिसऱ्यात; इबोला, निपा यांसारखे चौथ्यात. प्रयोगशाळांचेही एक ते चार असे सुरक्षा-स्तर आहेत. तिसऱ्या स्तरात खोलीतील हवा बाहेर न जाता आत ओढली जाईल अशी व्यवस्था असते. चौथ्यात संशोधक संपूर्ण बंदिस्त पोशाखात, बाहेरून पुरविलेल्या हवेवर काम करतो. पुण्यास पाषाण येथे अशी चौथ्या स्तराची प्रयोगशाळा २०१२ साली सुरू झाली. माकडतापाचा विषाणू अमेरिकेत चौथ्या स्तरावरच हाताळला जातो. आपल्या संस्थेचा स्तर वरचा असावा अशी काही ठिकाणी हौस दिसते. परंतु हा मानसन्मानाचा प्रश्न नव्हे. दुसऱ्या स्तराचे काम नीट न येणाऱ्या माणसाला तिसऱ्या स्तराच्या खोलीत नेल्याने धोका वाढतोच, कारण तेथे त्याच्या हाती अधिक घातक जंतू पडतो.

उपकरणाविषयीचे अज्ञान किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण अनेक महाविद्यालयांत पाहावयास मिळते. काचेची पुढची बाजू अर्धी उघडी असलेली, आतून हवा वाहणारी दोन कपाटे एकमेकांसारखी दिसतात. त्यांतील एक लॅमिनार फ्लो टेबल असून त्यातील गाळलेली स्वच्छ हवा पदार्थावरून वाहत येऊन काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. वनस्पतींच्या ऊती वाढविण्यासाठी ते उत्तम होय, कारण तेथे जपावयाचा असतो तो पदार्थ. दुसरे जैवसुरक्षा कपाट. त्यात पुढील फटीतून हवा आत ओढली जाते आणि सूक्ष्म गाळणीतून गेल्यावाचून बाहेर पडत नाही. ते माणसालाही जपते. रुग्णाची थुंकी किंवा रक्त पहिल्या कपाटात उघडणे म्हणजे रोगजंतू पंख्याने आपल्याच नाकात घालण्यासारखे आहे. आणि दुसरे कपाटही कामास येते ते माणसास त्यात काम करता येत असेल तरच. समोरच्या जाळीवर वह्या ठेवल्या, हात वारंवार आत-बाहेर केले, मागून कोणी घाईने चालत गेले किंवा आत बन्सन दिवा पेटविला, की हवेचा पडदा फाटतो. हे सांगून पटत नाही. कपाटाच्या तोंडाशी उदबत्ती धरून धूर कसा आत ओढला जातो, आणि हात झटक्याने बाहेर काढल्यास तो कसा बाहेर येतो, हे एकदा दाखवावे. मग वेगळे सांगावे लागत नाही.

मलकोवालची बाटली

प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर जैव पदार्थ हाताळणाऱ्याच्या शिक्षणाचे मोल किती, याचा एक जुना दाखला मुंबईच्या परळ येथील संस्थेच्या इतिहासात आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली व तेथून देशभर लस जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील, सध्या पाकिस्तानात असलेल्या, मलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले.

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेस दिला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु चौकशीतच एक गोष्ट नोंदली गेली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो औषधी पाण्यात बुडवून वापरला. ज्योतीतून काढावयास हवा होता, तसा काढला नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि साध्या जंतुनाशकात क्षणभर बुडविल्याने ते मरत नाहीत. शिवाय बाटली परळला भरून बरेच दिवस लोटले होते. तिच्यात तेव्हापासून धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी आली नव्हती. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हे मुद्दे मांडून लढा दिला, तेव्हा कोठे १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

या कथेत हाफकिन यांच्यावरील अन्यायाचीच चर्चा बहुधा होते. प्रस्तुत लेखकास त्या मदतनिसाविषयी अधिक वाटते. धूळ असलेल्या अंगणात, रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर, हातातला चिमटा पडल्यावर काय करावे, हे त्याला कोणी करून दाखविले होते काय? बीजाणू म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितले होते काय? जंतुनाशक आणि निर्जंतुकीकरण यांतील फरक १९ माणसांच्या प्राणांएवढा असू शकतो, हे त्याला कोठून कळणार?

हा फरक आजही प्रत्येक प्रशिक्षणात नीट समजावून द्यावा लागतो. सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्क्याचे द्रावण सांडलेल्या रक्तावर उपयोगी पडते. पण ते रोज ताजे करावे लागते, कारण उन्हात व उघड्यावर त्याची शक्ती झपाट्याने घटते. सत्तर टक्के अल्कोहोल हे शुद्ध अल्कोहोलपेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण जंतूंच्या प्रथिनांचा नाश होण्यास थोडे पाणी लागते. बीजाणूंसाठी मात्र ऑटोक्लेव्ह हवे. त्यात १२१ अंश सेल्सियसची वाफ सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस मिनिटे लागते आणि पिशव्या ठासून भरल्या असल्यास त्याहूनही अधिक वेळ लागतो. ऑटोक्लेव्हची शिटी वाजली म्हणजे आतील सर्व मेले, असे नव्हे. उष्णतेस दाद न देणाऱ्या परंतु माणसास निरुपद्रवी अशा जंतूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवावी व ती नंतर वाढते की नाही हे तपासावे, तरच यंत्राची खात्री पटते.

शिकवावे कसे

व्याख्यानाने हाताला वळण लागत नाही. पोहणे जसे काठावरून शिकविता येत नाही, तसेच हेही आहे. उमेदवाराने प्रथम रंगीत पाण्यावर काम करावे, नंतर निरुपद्रवी जंतूंवर, आणि जाणत्या माणसाने त्याचे हात प्रत्यक्ष पाहून पसंत केल्यावरच रुग्णाच्या नमुन्यास हात लावावा.

एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे. कपड्यांना घालावयाची नीळ पाण्यात घट्ट कालवावी. हातमोजे घातलेल्या विद्यार्थ्याने ती दोन्ही हातांना फासावी व मग मोजे काढावेत. पहिल्या प्रयत्नात मनगटावर, बोटांवर, क्वचित नाकावरही निळे डाग उमटतात. मग रीत दाखवावी. एका हाताचा मोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा काढावा आणि दुसऱ्या मोजा घातलेल्या मुठीत धरावा. नंतर उघड्या हाताचे बोट दुसऱ्या मोजाच्या आत, कातडीच्या बाजूने सरकवून तो पहिल्यासकट उलटा काढावा. नंतर साबणाने हात धुवावेत. तीन-चार वेळा केल्यावर डाग उमटत नाहीत. शिक्षकांनी हा प्रयोग आठवीच्या वर्गात जरूर करून पाहावा.

नमुना सांडल्यास काय करावे, हेही असेच करून शिकवावे. प्रथम श्वास रोखून सर्वांनी खोलीबाहेर यावे, दार लावावे, सूचना द्यावी व तुषार खाली बसण्यासाठी अर्धा तास थांबावे. मग हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांचे आवरण लावून सांडलेल्या जागेवर फडके किंवा शोषक कागद पसरावा, जंतुनाशक बाहेरच्या कडेकडून मध्याकडे ओतावे व ठरलेला वेळ जाऊ द्यावा. काचा चिमट्यानेच उचलाव्यात. घाबरलेला माणूस याच्या नेमके उलट करतो. तो लगेच वाकतो आणि हाताने काचा गोळा करू लागतो. म्हणून हा सराव अवचित घ्यावा. अमुक दिवशी सराव आहे, असे आधी सांगू नये.

वापरलेल्या सुईस टोपण पुन्हा लावू नये, ती थेट न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी, हे सर्वांस पाठ असते. तरीही सुया टोचतात. आणि येथे एका अशा गोष्टीकडे वळावे लागते, जिच्याविषयी शासकीय पत्रिकांतून फारसे लिहिले जात नाही.

न सांगितलेली टोचणी

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात चहाच्या वेळी एक तंत्रज्ञ माझ्याजवळ येऊन बसले. आपल्याला तीन वर्षांपूर्वी रुग्णाचे रक्त काढताना सुई टोचली होती आणि ते आपण आजवर कोणास सांगितले नाही, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. त्यांच्या कार्यालयात त्याआधी एकाने असाच अपघात कळविला असता निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याच्याकडून खुलासा मागविण्यात आला होता. कार्यालय कोणते हे येथे महत्त्वाचे नाही. ‘नोकरी की रोग, असा प्रश्न होता,’ असे ते म्हणाले. त्या तीन वर्षांत त्यांनी घरी आपले ताट वेगळे ठेवले होते, आणि पत्नीस कारण सांगितले नव्हते. वास्तविक ताट वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. एक साधी रक्ततपासणी करावयास हवी होती. ती त्यांनी त्याच आठवड्यात करून घेतली. निकाल निर्दोष आला.

सुई टोचल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि तत्काळ वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीचा धोका असल्यास प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यानंतर त्यांचा उपयोग होत नाही. लपविलेल्या अपघातात हे तासच वाया जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अपघातांची नोंद व अहवाल बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यांना कामावर घेतेवेळी आणि त्यानंतर दर वर्षी निदान एकदा प्रशिक्षण देणे, त्यांना कावीळ ब व धनुर्वात यांची लस देणे हीही संस्थेची जबाबदारी आहे. धोकादायक सूक्ष्मजीव व जनुकीय बदल केलेले जीव यांवर काम करणाऱ्या संस्थांसाठी १९८९ चे नियम आहेत आणि त्यांच्या अंतर्गत संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. कायदा पुरेसा आहे. मात्र अपघात कळविणाऱ्याचा जेथे जाब घेतला जातो, तेथे नोंदवही कोरीच राहणार. कार्यालयप्रमुखांनी कोरी नोंदवही पाहून समाधान मानू नये. ती कोरी का आहे, हे विचारावे.

आणखी एक उणीव नेहमी आढळते. प्रशिक्षणाच्या यादीत संशोधक असतात, तंत्रज्ञ असतात. कचरा उचलणाऱ्या परिचराचे नाव नसते, वाहनचालकाचे तर नसतेच. १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे देवीच्या रोगाने जगातील शेवटचा बळी घेतला. ती बाई देवीच्या प्रयोगशाळेत काम करीत नव्हती. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती छायाचित्रकार म्हणून नोकरीस होती. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० साली झाली, म्हणजे रोग जवळजवळ संपला असताना हे घडले.

साठा आणि हिशेब

जैव पदार्थ जपून हाताळणे हा अर्धा भाग झाला. त्याचा हिशेब ठेवणे हा दुसरा. २०१४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथील शासकीय संशोधन संकुलातील एका शीतकोठीत जुन्या खोक्यांतून देवीच्या विषाणूच्या सहा कुप्या सापडल्या. त्यांवर १९५४ सालची तारीख होती. साठ वर्षे त्या तेथे होत्या आणि कोणाच्याही यादीत नव्हत्या. तपासणीत त्यांपैकी दोन कुप्यांतील विषाणू जिवंत निघाला. ठेवणारे निवृत्त झाले, खोल्या बदलल्या, कागद हरवले, विषाणू टिकला. आपल्याकडे संशोधक विद्यार्थी पदवी मिळताच निघून जातो आणि त्याच्या नावाच्या अर्धवट पुसलेल्या चिठ्ठ्या लावलेल्या नळ्या शीतकपाटात राहतात. संस्था सोडताना ग्रंथालयाचे ना-हरकत पत्र लागते, तसेच नमुन्यांचेही लागावे.

हे केवळ शहरांतील संस्थांपुरते आहे असे गावातील वाचकांनी समजू नये. गाय-म्हैस अकाली गाभडते, त्याचे एक प्रमुख कारण ब्रुसेला हा जंतू होय. प्रयोगशाळेत सर्वाधिक वेळा लागण करणाऱ्या जंतूंत त्याची गणना होते. २०१९ साली चीनमधील लानचौ शहरात या रोगाची लस बनविणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले आणि कारखान्याच्या वायूंबरोबर जिवंत जंतू बाहेर पडले. दहा हजारांहून अधिक लोकांना लागण झाली. आपल्याकडे चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना जी लस टोचतात, तीही जिवंत जंतूंची असते. टोचणाऱ्याच्या बोटात तीच सुई शिरली तर त्यासही रोग जडू शकतो. म्हणून लसीकरणाच्या वेळी वासरू घट्ट धरणे ही मालकाने करावयाची मोठी मदत आहे. गाभडलेला गर्भ व वार हातमोज्यांशिवाय उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये, चुन्यासह खोल पुरावे. आणि तपासणीसाठी नमुना हवा असल्यास पशुवैद्यकास बोलवावे, स्वतः डब्यात भरून नेऊ नये.

नमुना पाठविताना

रक्ताचा नमुना तीन आवरणांत जातो. पहिली गळती न होणारी नळी. तिच्याभोवती, नळी फुटली तर सर्व द्रव टिपून घेईल इतका कापूस. त्यावर दुसरा घट्ट झाकणाचा डबा आणि सर्वांवर कठीण बाहेरची पेटी. बर्फ दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवावा. माहितीचा कागद नळीला गुंडाळण्याची जुनी रीत सर्वस्वी चुकीची आहे. नळी गळली तर तो कागद प्रयोगशाळेच्या खिडकीवरील लिपिक उघड्या हाताने उलगडतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवावा. नळीवर रुग्णाचे नाव, तारीख व वेळ पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहावी. न गोठलेले संपूर्ण रक्त बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये. त्यातील पेशी फुटून नमुना निकामी होतो. पेटीवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असावा, आणि पेटी निघाल्याची सूचना ती पोहोचण्यापूर्वी प्रयोगशाळेस मिळावी. शनिवारी दुपारी, समोर कोणी नसताना, पेटी रवाना करू नये.

वाहनचालकास पेटीत काय आहे ते सांगावे. पेटी पडली, भिजली किंवा गळू लागली तर ती उघडून न पाहता वाहन थांबवून कोणास दूरध्वनी करावयाचा, तो क्रमांक त्याच्या खिशात लिहून द्यावा. रिकामी पेटी परत आल्यावर ती हायपोक्लोराइटने पुसून, पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून मगच पुढच्या फेरीस काढावी. काजूच्या दिवसांत हीच पेटी आठवड्यातून दोनदाही रानाकडे जाते.